पिवळ्या पट्टीच्या आत

डोनल सर गेल्याचं मला गच्चीवर कळलं. मस्कतच्या बौशर भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एसीची बाहेरची युनिटं ओळीनं बसवलेली आहेत. एप्रिल उजाडला की माझा अर्धा दिवस तिथेच जातो. ऊन डोक्यात शिरलेलं, हात ग्रीसने बरबटलेले, आणि खिशात फोन वाजत होता. इमारतीखाली किराणा दुकान चालवणारे इब्राहिमभाई होते. रत्नागिरीकडचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. एरवी फोनवर आधी दोन शिव्या घालतात, मग काम सांगतात. त्या दिवशी म्हणाले, "विलास, हातातलं काम टाक आणि खाली ये." मी म्हटलं, "अहो, गॅस भरतोय, अर्धा तास थांबा." तर म्हणाले, "नको रे बाबा... तुझे सर गेले. कॉलेजात शिकवता शिकवता पडले म्हणे. हॉस्पिटलात नेलं, पण काही उपयोग झाला नाही."

तो बुधवार होता. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं होतं. एका प्रश्नाचं उत्तर देतो म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, दुःख नंतर आलं. आधी आला तो राग. असं कसं जाता तुम्ही, सर? दोन दिवस थांबता आलं नाही?

मी नववी नापास माणूस. असं पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं लिहायची मला सवय नाही, आणि कोणी हसेल याची भीती वाटतेच. पण सर गेल्यावर त्यांच्या कॉलेजात शोकसभा झाली. इब्राहिमभाई आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभे होतो. एकेक जण उठून बोलत होता... उत्तम इंग्रजी शिकवायचे, वेळेचे पक्के, विद्यार्थ्यांवर प्रेम. सगळं खरंच होतं. पण ज्या भाषेसाठी हा माणूस जळत होता, तिचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. आपल्या देशात असताना ते आयरिश भाषेतून पदार्थविज्ञान शिकवायचे हे तिथे कोणाला ठाऊकच नव्हतं. मी इब्राहिमभाईंच्या कानात म्हटलं, "मी सांगू का?" ते म्हणाले, "कुठल्या भाषेत सांगशील?" म्हणून आता सांगतोय, माझ्या भाषेत.

सर आमच्या इमारतीत राहायला आले ते ऐन जूनमध्ये. पहिल्याच दिवशी त्यांचा एसी बंद पडला. मी दार वाजवलं तर समोर साठीकडे झुकलेला, लालबुंद झालेला गोरा माणूस, अंगावर बनियन, हातात चहाचा मग. मस्कतच्या जूनमध्ये, बंद एसीत, हा माणूस गरम चहा पीत होता! मला वाटलं, हा आपल्यातलाच दिसतो. काम झाल्यावर त्यांनी माझ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, ही पिवळी चिकटपट्टी थोडी देशील का? मी दिली. त्यांनी गुडघ्यावर बसून हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे, उंबरा असतो तिथे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती लावली. नखाने नीट दाबली. मग माझ्या मोडक्या इंग्रजीला समजेल असं सावकाश म्हणाले, "या पट्टीच्या आत इंग्रजी बोलायचं नाही."

मी घाबरलो. म्हटलं, "सर, नो आयरिश, मला नो आयरिश."

"तुला तुझी भाषा आहे ना? ती बोल."

मला वाटलं, गोऱ्याला ऊन लागलं. खाली येऊन इब्राहिमभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, "चहा देतो ना? मग तुझं काय जातंय? बोल की मराठीत. इथे बाकी कोण तुझी मराठी ऐकून घेतंय?"

ते मात्र खरं होतं. कामावर हिंदी, ऑफिसात अरबीतलं यल्ला-यल्ला आणि खलास, रूमवर मल्याळी आणि बिहारी पार्टनर. पूर्ण वाक्य मराठीत बोलायचं ते इब्राहिमभाई सोडले तर फक्त घरी फोन लावल्यावर, आणि तिथेही अर्धं बोलणं "ऐकू येतंय का, हॅलो, हॅलो" एवढंच. मग शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, सरांकडे जायची सवय लागली. मी पट्टी ओलांडायचो आणि मराठीत बोलायला लागायचो. कंपनीच्या माणसाला शिव्या, गावातल्या पाण्याची तक्रार, गुडघेदुखी, सगळं. ते आयरिशमध्ये बोलायचे. पहिले काही महिने दोघांनाही एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण चहा व्हायचा. मग दूध म्हणजे 'बान्या' हे मला कळलं, आणि 'आलं घाल' हे त्यांना. खाली बस म्हणजे 'सी शीस'. शाब्बास म्हणजे 'मॉ हू'. आणि 'अरीश' म्हणजे पुन्हा. हा त्यांचा सर्वात लाडका शब्द. मी काही बोललो आणि त्यांना कळलं नाही की भुवया वर करून, "अरीश?" त्यात कंटाळा नसायचा. उलट मला वाटायचं, मी बोलतोय ते पुन्हा ऐकण्यासारखं आहे. एवढ्या वयात मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

नियम मात्र कडक. इंग्रजीच काय, हिंदीही आत चालायची नाही. एकदा मी आत उभा असताना कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला. मी हिंदीत "हां साब" म्हटलं तर सरांनी मला दंडाला धरून हॉलमध्ये नेऊन सोडलं, आणि स्वतः आत जाऊन चहा ढवळत बसले. फोन संपल्यावर मी पट्टीवर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभा राहिलो, तर ते हसून हसून खोकायला लागले. मग हॉलमध्ये येऊन त्यांनी मला सगळी गोष्ट सांगितली.

त्यांच्या देशात सगळीकडे इंग्रजीच चालते. आयरिश ही तिथली मूळ भाषा, पण घरात बोलणारे थोडे. तरी काही आईबाप हट्टाने मुलांना अशा हायस्कुलात घालतात जिथे गणित, विज्ञान, इतिहास, खेळ, शिक्षकांचं ओरडणंसुद्धा आयरिशमध्ये असतं. सरांचं हायस्कूल तर पूर्ण हायस्कूलही नव्हतं. एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या एका टोकाला काही वर्ग मिळाले होते, बाकीचे पत्र्याचे, तात्पुरते म्हणून उभे केलेले. कॉरिडॉरमध्ये जमिनीवर पिवळी रेघ मारलेली. रेघेच्या त्या बाजूला इंग्रजी शाळा, या बाजूला आयरिश. मधल्या सुट्टीत पोरं रेघेपाशी यायची, मान लांब करून डोकं पलीकडे काढायची, इंग्रजीत एक सणसणीत शिवी हासडायची आणि डोकं आत घ्यायची. "मास्तर काय करणार? शिवी नियमात बसत होती," सर म्हणाले.

विज्ञानाची पुस्तकं त्यांना वेळेवर मिळायची नाहीत. वर्ष अर्धं संपल्यावर यायची, कधी यायचीच नाहीत. मग सर रात्री बसून स्वतः धडे तयार करायचे. शाळेला स्वतःची इमारत मिळणार म्हणून मंत्री येऊन सांगून जायचे, आणि पुढच्या पावसात पत्रा गळायचा. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला आमच्या गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर आठवायचे. फरक एवढाच की आमचे हेडमास्तर मंत्र्यांचं नाव घेऊन थुंकायचे, आणि सर चहा ओतून घ्यायचे.

सरांनी मला काय दिलं ते इथे सांगायलाच हवं, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. पंधरा-वीस वर्षं मी एसी दुरुस्त करतोय. गॅस भरायचा, गळती शोधायची, कंप्रेसर बदलायचा, हे सगळं हाताला येतं. पण गॅस गार का होतो हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. नववी नापासाने असं विचारायचं नसतं असं मला वाटायचं. एका शुक्रवारी मी मराठीत सहज म्हणालो, हा थंडावा येतो कुठून देव जाणे. त्यांना 'कुठून' कळलं. ते उठले, औषधाच्या डब्यातून स्पिरिटची बाटली आणली, कापसाने माझ्या मनगटावर थोडं लावलं आणि फुंकर घातली. गार! मग आयरिशमध्ये बोलत, हात हलवत, किटलीची वाफ दाखवत, पुन्हा स्पिरिट, पुन्हा फुंकर. स्पिरिट उडून जाताना माझ्या हाताची उष्णता घेऊन जातं... ते शब्द मला कळत नव्हते, पण एकदम डोक्यात दिवा लागला. मी ओरडलो, "म्हणजे घाम! घाम वाळताना गार वाटतं तसं!" त्यांना घाम हा शब्द माहीत नव्हता. मी कपाळावरचा पुसून दाखवला. "मॉ हू!" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला तो असा की बशी पडून फुटली.

त्या दिवशी मी खाली आलो तो तरंगत. जी भाषा मला येत नाही त्या भाषेत मला पदार्थविज्ञान शिकवलं गेलं, आणि मला ते समजलं. मग नववीत काय झालं होतं? आठवीपर्यंत मी बरा होतो. गणितात तर चांगला. नववीत इंग्रजीत आपटलो, दोनदा. वडील म्हणाले, बस झालं, मुंबईला मामाकडे जा, काम शीक. एका विषयामुळे बाकीचे सगळे विषय पाण्यात गेले. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा ओट्यावर ठेवला. मग पट्टीबाहेर येऊन म्हणाले की त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं, फक्त उलटं. त्या काळात त्यांच्याकडे शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास म्हणजे सगळ्यातच नापास. भाऊ आयरिशमध्ये आपटला, इंग्लंडला जाऊन बांधकामावर लागला, बऱ्याच वर्षांनी परत आला, पण पुन्हा जन्मात त्या भाषेचा शब्द तोंडातून काढला नाही.

मी विचारलं, "ज्या भाषेने भावाला घराबाहेर काढलं, तिच्यातूनच तुम्ही शिकवायला लागलात?"

"भाषेने नाही काढलं. परीक्षेने काढलं. म्हणून तर मी भाषा शिकवत नव्हतो, भाषेतून शिकवत होतो."

हा फरक मला तेव्हा पटला नव्हता. बोलायला छान वाटतो, पण नापास झालेल्याला तो काय कामाचा?

माझी मुलगी मानसी. गावच्या मराठी हायस्कुलात. शुक्रवारी मी सरांच्या स्वयंपाकघरातून तिला व्हिडिओ कॉल लावायचो, लागला तर. सर फोन हातात घ्यायचे आणि माझ्याकडून पाठ केलेलं एक वाक्य म्हणायचे, "मानसी, आज काय शिकलीस?" पहिल्यांदा ती लाजून पळाली. नंतर मात्र तिला चटकच लागली. विहिरीचा रहाट, अडकित्ता, विळी, कशात जोर कुठे लागतो, सगळं ती फोन हलवत हलवत दाखवायची. सरांना अर्धं समजायचं आणि उरलेल्यासाठी ते "अरीश!" म्हणायचे. ती पुन्हा सांगायची, पहिल्यापेक्षा सोपं करून. मी बाजूला चहा गाळत असायचो. खरं सांगतो, मी स्वतः तिला कधी हे विचारलं नव्हतं. मी विचारायचो, मार्क किती पडले, आणि आईला त्रास देत नाहीस ना.

आता ती सातवी पास होणार होती, आणि घरात वाद पेटला होता. माझी बायको सुलभा आणि तिचा भाऊ म्हणत होते, आठवीला तालुक्याच्या गावी इंग्लिश मीडियममध्ये घालूया. गावच्या हायस्कुलात आठवीला पोरं उरतील की नाही याचीच शंका, सेमी इंग्लिश सुरू करायचं म्हटलं तर शिकवायला माणूस नाही. सुलभा फोनवर म्हणाली, "तुम्ही तिकडे गोऱ्यासोबत चहा पिता, आणि इथे सगळ्यांची पोरं बसमधून टाय लावून जातात. आपली तेवढी शेणात राहूदे काय?" मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, "तुमच्या विचारात पोरगी म्हातारी होईल."

मी सरांना सांगितलं. ते ताडकन म्हणाले, "अजिबात नको." मराठीत! 'अजिबात' हा शब्द त्यांनी इब्राहिमभाईंकडून उचलला होता, उधारी मागायला येणाऱ्यांना ते असंच म्हणतात. एरवी मी हसलो असतो. त्या शुक्रवारी मला राग आला. शेवटचा शुक्रवार होता तो, पण तेव्हा कुठे माहीत होतं.

मी पट्टीच्या आतच होतो, त्यामुळे मराठीत, भडाभडा बोललो. "सर, तुमच्याकडची पोरं आयरिशमधून शिकली तरी घरी गेल्यावर इंग्रजी आहेच ना? टीव्ही इंग्रजी, दुकान इंग्रजी, आई इंग्रजी. त्यांचं काय बिघडतं? त्यांचं पोट भरलेलं आहे म्हणून त्यांना आयरिशची हौस. आमच्या पोरीला घरी इंग्रजी कोण देणार? तिची आई? मी? मी इंग्रजीत नापास झालो म्हणून इथे गच्चीवर भाजतोय. उद्या ती माझ्यासारखी कुणाच्या तरी घरात हां साब, हां साब करत उभी राहिली तर कोण उत्तर देणार? तुम्ही?"

ते सगळं त्यांना कळलं असेल असं नाही. पण 'कोण उत्तर देणार' हे कळलं. कारण त्यांचा चेहरा उतरला. "अरीश" म्हणाले नाहीत. ते उठले, पट्टी ओलांडून हॉलमध्ये गेले आणि तिथून इंग्रजीत बोलले. भरलेला कप ठेवून ते असे कधी बाहेर गेले नव्हते. म्हणाले, "विलास, असंच एक बाई मला म्हणाली होती. पालकांच्या सभेत. माझी मुलगी पुढे युनिव्हर्सिटीत इंग्रजीतून शिकणार, तिथे अडली तर उत्तर कोण देणार? मी बोलू शकलो नाही. पुढच्या वर्षी नवीन मुलं जवळजवळ आलीच नाहीत. मंदीत शिक्षकांच्या जागाही गेल्या. आमचा विभाग बंद झाला. कॉरिडॉरमधल्या रेघेवर राखाडी रंग मारला. मला म्हणाले, तेच पदार्थविज्ञान आता इंग्रजीतून शिकवा. मी म्हटलं, इंग्रजीच शिकवायचं तर ज्यांना येत नाही त्यांना जाऊन शिकवतो... म्हणून इथे आलो."

चहा निवत होता.

"त्या बाईला काय सांगायला हवं होतं ते मला आता सापडलंय असं वाटतं," ते म्हणाले. "पण ते मला तुला आत सांगायचंय. तुझ्या भाषेत. मला शब्द जमवू दे. शुक्रवारी ये."

शुक्रवारी ये... बुधवारी माणूस गेला.

कधी कधी वाटतं, तेव्हाच सांगितलं असतं इंग्रजीत तर काय बिघडलं असतं? मोडकंतोडकं मला कळलं असतं की! पण नाही. नियम म्हणजे नियम. असल्या नियमांनीच ही माणसं मागे पडतात, असंही रागाने मनात येऊन गेलं. आणि त्याच नियमामुळे मला त्या घरात चार वर्षं तोंड उघडता आलं, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असेल तर माणसाने काय करायचं?

त्यांना न्यायला भावाची मुलगी आली, मेव्ह. त्याच, आयरिशमध्ये नापास झालेल्या भावाची. फ्लॅट रिकामा करायला मी तिच्या मदतीला होतो. लोकांना वाटतं, मी तिथे काहीतरी शोधलं असेल, चिठ्ठी, कागद. शोधलंच मी! ड्रॉवर उघडले, पुस्तकं झटकली. काही नव्हतं. शब्द जमवायचे ते त्यांनी डोक्यातच जमवले असणार, आणि डोक्यातच घेऊन गेले.

मेव्ह पेट्या भरत होती. स्वयंपाकघराकडे वळली आणि पट्टी पाहून थबकली. "हे काय?" मी मोडक्या इंग्रजीत समजावलं. आयरिश माणसाच्या घरातला आयरिशचा नियम, आयरिश मुलीला, मी समजावत होतो! तिने बूट काढले, का कोण जाणे, आणि पट्टी ओलांडली. मग ओट्यापाशी उभी राहिली, मुकाट. मला वाटलं रडत असेल. पण तिला बोलायचं होतं आणि नियमात बसेल असं काही येत नव्हतं. थोड्या वेळाने शाळेतल्या मुलीसारखा हात वर करून तिने एक लांब वाक्य एका दमात म्हटलं, "अन विल क्याड अगम..." असं काहीतरी. आणि मग ती रडली. बाहेर आल्यावर मी अर्थ विचारला. म्हणाली, "बाई, मी बाथरूमला जाऊ का. चौदा वर्षं शाळेत ही भाषा शिकले, एवढंच राहिलं." मी म्हटलं, "आमच्याकडे इंग्लिश मीडियमला घातलेल्या पोरांनाही पहिलं वाक्य हेच येतं." ती रडता रडता हसायला लागली. सर असते तर त्यांनी आणखी एक बशी फोडली असती.

ती गेली. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातला माणूस आला. "यल्ला विलास, फर्श साफ करो, ये पट्टी निकालो, नया पार्टी आएगा." मी खरवडायची पत्री घेऊन बसलो. कडा उचकटल्या. तेवढ्यात सुलभाचा कॉल आला. शाळा सोडल्याचा दाखला काढायचा का, ते आजच सांगायचं होतं, तिचा भाऊ गाडी घेऊन दारात उभा होता. मला घाम फुटला. असा घाम की वाळेचना. मी म्हटलं, "मानसीला दे." मानसी आली, तोंडाला आंब्याचा रस. सर गेल्याचं तिला माहीत होतं. ती माझ्या मागच्या रिकाम्या फडताळाकडे बघत राहिली. मी हॉलमध्ये होतो. उठलो, पट्टी ओलांडली, आणि ओट्याला टेकून विचारलं, "मानसी, काय शिकलीस?"

"सुट्टीत कोण शिकतं, बाबा?"

"मग आधीचं सांग. कायपण."

तिने आंबा बाजूला ठेवला. म्हणाली, "वारे सांगू?" आणि सांगायला लागली. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, जमिनीवरची हवा तापून वर जाते, म्हणून समुद्राकडून वारा येतो, ते खारे वारे. रात्री उलटं. जमीन आधी गार होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, ते मतलई. मतलई! माझे वडील शेजारच्यांच्या होडीवर जायचे तेव्हा पहाटे अंगणात उभं राहून म्हणायचे, मतलई सुटला, निघूया. वडील शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्या तोंडचा शब्द माझ्या पोरीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता, आणि मला, मधल्याला, दोघांचंही बोलणं समजत होतं. मी म्हटलं, "आजोबा हेच म्हणायचे." ती म्हणाली, "त्यांना कसं माहीत?" मी सांगितलं. मग तिने पुढे विचारलं, मी पुढे सांगितलं. मागे सुलभाचा भाऊ हॉर्न वाजवत होता.

तेव्हा मला वाटलं, सर हेच म्हणणार होते की काय... मुलगी अडली तर उत्तर देणारा बाप तिच्यासोबत आहे, तोवर आहे, जोवर त्याला तिचं बोलणं समजतं. की ते दुसरंच काही म्हणणार होते? मला कधीच कळणार नाही, आणि याची चीड आयुष्यभर जाणार नाही. मी सुलभाला म्हटलं, दाखला काढू नकोस. इंग्रजीसाठी शिकवणी लावू, चांगली लावू, पण शाळा तीच. ती म्हणाली, "उद्या पोरीने शिव्या घातल्या तर तुम्ही खायच्या." मी म्हटलं, मी खाईन. बरोबर केलं की चूक, अजूनही माहीत नाही. झोपताना रोज वाटतं, चूक.

ऑफिसच्या माणसाला सांगितलं, पट्टी निघत नाही, जोर केला तर टाइल फुटेल. "खलास, रहने दो," म्हणाला. नवा भाडेकरू अजून आलेला नाही. किल्ली माझ्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी इब्राहिमभाईंकडून दुधाची पिशवी घेतो. ते आता विचारत नाहीत कुणासाठी. नुसते म्हणतात, "आलं आहे का संपलं?" वर जातो, हॉलमध्ये चपला काढतो, उचकटलेली कड पायाने दाबतो आणि आत जातो. चहा ठेवतो. घरी कॉल लावतो. मानसी सांगते. एसी, बाष्प, वारा, अपूर्णांक, काय वाटेल ते. कधी मला समजतं, कधी नाही. नाही समजलं की आधी मी मान डोलवून सोडून द्यायचो. आता भुवया वर करतो.

"अरीश," मी म्हणतो, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.